ऑटोफोकस नेमका कोठे अडतो?

कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चालेनासा झाला की ‘लेन्सची मोटर गेली’ असे निदान बहुतेक जण करून मोकळे होतात. काही वेळा ते खरेही ठरते. परंतु फोकस जुळण्यासाठी मोटरच्या आधी प्रकाश, आरसे, सेन्सर, प्रोसेसर आणि लेन्सकडे वीज व संदेश नेणारे धातूचे कॉन्टॅक्ट या सर्वांनी आपापले काम चोख करावे लागते. यांपैकी काहीही बिघडले तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते : शटरचे बटण अर्धे दाबूनही चित्र धूसरच राहते. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात बिघाडाची जागा मात्र घरबसल्या बऱ्याच अंशी शोधता येते, कारण त्यात फोकस जुळवण्याचे दोन स्वतंत्र मार्ग असतात.

व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, पाहताना लेन्समधून आलेला बराचसा प्रकाश मुख्य आरशावरून वर, आपल्या डोळ्याकडे जातो. या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पलीकडे गेलेला प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावर आदळून कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर पडतो. लेन्सच्या परस्परविरुद्ध बाजूंनी आलेल्या किरणांच्या तेथे दोन वेगळ्या प्रतिमा उमटतात आणि त्यांच्यातील अंतरावरून लेन्सचे भिंग कोणत्या दिशेला व किती सरकवायचे, हे प्रोसेसरला एका दमात कळते. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढताना, आरसा वर उचललेला असतो, त्यामुळे तळाच्या सेन्सरचा काही संबंधच उरत नाही. तेव्हा मुख्य सेन्सरवरील चित्रच तपासले जाते. जुन्या कॅमेऱ्यांत भिंग मागेपुढे हलवून कडा सर्वांत ठळक कोठे दिसतात ते शोधले जाते, तर 2013 मध्ये आलेल्या कॅननच्या 70डीसारख्या कॅमेऱ्यांत मुख्य सेन्सरच दोन प्रतिमांची तुलना करतो.

म्हणून सर्वांत उपयोगी चाचणी अगदी साधी आहे. चांगल्या उजेडात, स्पष्ट कडा असलेल्या वस्तूवर, उदाहरणार्थ ठळक अक्षरांच्या कॅलेंडरवर, आधी व्ह्यूफाइंडरमधून आणि मग लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून पाहावे. दुसऱ्या मार्गाने फोकस होत असेल, तर लेन्स, तिची मोटर आणि कॉन्टॅक्ट ठणठणीत आहेत आणि दोष छोट्या आरशात, तळाच्या सेन्सरमध्ये किंवा त्यांच्याशी संबंधित सेटिंगमध्ये आहे, असे समजण्यास हरकत नाही. दोन्ही मार्ग बंद असतील तर संशयाची सुई लेन्सकडे वळते, आणि ओळखीच्या कोणाची तरी लेन्स लावून पाहिली की तोही प्रश्न सुटतो.

तत्पूर्वी काही क्षुल्लक कारणे बाद करावीत. ती इतकी क्षुल्लक असतात की अनुभवी माणसेच त्यांना अधिक फसतात. लेन्सवरील बटण बॅगेत घासून ‘एमएफ’वर, म्हणजे हाताने फोकस करण्याच्या स्थितीवर, सरकलेले असते, किंवा वस्तू लेन्सच्या किमान अंतराहूनही जवळ असते. कॅमेरा दुसऱ्याच्या हातून आलेला असेल, तर फोकसचे काम शटरच्या बटणाकडून काढून मागच्या वेगळ्या बटणाकडे दिलेले असण्याचीही शक्यता असते. व्ह्यूफाइंडरजवळचे डोळ्याच्या नंबरानुसार फिरवायचे चाक हलले, तर फोकस अचूक असूनही डोळ्याला सारेच अंधूक दिसते. अशा वेळी काढलेला फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला की खरे-खोटे कळते.

जुन्या लेन्सचा प्रश्न मात्र निराळा आहे. मिनोल्टाने 1985 मध्ये बाजारात आणलेल्या 7000 या कॅमेऱ्यात मोटर कॅमेऱ्यातच होती. कॅननने 1987 मध्ये ईओएस मालिका सुरू करताना मोटर लेन्समध्ये नेली आणि माउंटमधून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या जोडातून, केवळ विजेचा संबंध ठेवला. निकॉनने जुना माउंट कायम ठेवून कॅमेऱ्यातील मोटरने एका दांड्यामार्फत लेन्स फिरवण्याची पद्धत पुष्कळ वर्षे चालू ठेवली. पुढे 2006 च्या डी40 पासून स्वस्त कॅमेऱ्यांतून ती मोटर काढून टाकली. त्यामुळे सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळालेली, स्वतःची मोटर नसलेली 50 मिमीची एएफ-डी लेन्स निकॉनच्याच डी3500 वर चढवली, तर प्रकाश मोजला जातो, फोटोही निघतो, फक्त फोकस हातानेच करावा लागतो. हा बिघाड नव्हेच, आणि तो ‘दुरुस्त’ करून देण्याचे पैसे कोणी मागितले तर तेथून उठावे, हे बरे.

टेलिकन्व्हर्टरमुळेही, म्हणजे दूरचे मोठे दिसावे म्हणून लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या जोडभिंगामुळेही, असाच गैरसमज होतो. तळाचे सेन्सर लेन्सच्या कडेजवळून येणाऱ्या ठरावीक किरणांवर अवलंबून असतात, त्यामुळे अनेक कॅमेऱ्यांत लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ/5.6 पेक्षा लहान असले (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) की त्यांना पुरेसे किरणच मिळत नाहीत. भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी एफ/5.6 च्या लेन्सला 1.4 पट वाढवणारा कन्व्हर्टर जोडला की ती एफ/8 ची होते आणि असा कॅमेरा गोंधळतो. याच सेन्सरला सपाट, एकरंगी भिंतीवरही काही उमगत नाही. काही सेन्सर तर एकाच दिशेच्या रेषा ओळखतात, म्हणून कॅमेरा काटकोनात फिरवल्यावर फोकस लागला तर दोष शोधत बसण्याचे कारण नाही.

दमट हवेत, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, कॉन्टॅक्टवर मळ किंवा ओलाव्याचा थर बसून लेन्स आणि कॅमेरा यांच्यातील संवाद अधूनमधून तुटतो. छिद्राच्या आकड्याच्या जागी पडद्यावर शून्य किंवा नुसत्या रेघा दिसणे ही त्याची ठळक खूण आहे. कॅमेरा बंद करून लेन्स काढावी आणि दोन्हीकडचे कॉन्टॅक्ट तंतू न सोडणाऱ्या कोरड्या कापडाने पुसावेत. मळ चिवट असेल तर कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर करावे. खोडरबर किंवा पॉलिश पेपर वापरू नये, कारण कॉन्टॅक्टवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो.

मोटर तपासताना कानाचा उपयोग होतो, पण बेताने. साध्या मोटरच्या लेन्समधून घरघर ऐकू येते आणि भिंग हलत नाही, तेव्हा बहुधा आतल्या दातेरी चक्राचा दात तुटलेला असतो. अल्ट्रासॉनिक आणि स्टेपर मोटरची लेन्स मात्र चांगल्या अवस्थेतही जवळजवळ मूकच असते, त्यामुळे आवाज आला नाही म्हणून ती मेली असे ठरवू नये. लेन्स विशिष्ट झूमवरच अडत असेल, तर आतल्या लवचिक पट्टीसारख्या केबलला चीर गेल्याचा संशय घ्यावा, आणि दुरुस्तीवाल्याला ‘ऑटोफोकस चालत नाही’ एवढेच न सांगता कोणत्या झूमवर आणि कोणत्या मार्गाने चालत नाही, तेही सांगावे. छोटा आरसा वाकला असल्यास त्याला बोट लावू नये. त्याचा कोन अगदी थोडा बदलला तरी फोकस प्रत्येक फोटोत वस्तूच्या पुढे किंवा मागे पडू लागतो, आणि तो पुन्हा बसवणे हे यंत्रावर मोजूनच करायचे काम आहे.