श्वासविश्लेषण : उलटणाऱ्या कर्करोगाचा शोध

उपचारानंतर पुन्हा उद्भवणाऱ्या कर्करोगाची चाहूल रुग्णाच्या उच्छ्वासातील रसायनांवरून घेण्याची पद्धत. ती अद्याप संशोधनाच्या टप्प्यात असून नित्याच्या पाठपुराव्यात तिचा समावेश झालेला नाही.

उच्छ्वासात अत्यल्प प्रमाणात शेकडो बाष्पनशील सेंद्रिय संयुगे असतात. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७१ मध्ये वायुवर्णलेखनाने (वायूच्या मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या तंत्राने) अशी सुमारे २५० द्रव्ये दाखवून दिली. कर्कपेशींचा चयापचय बदललेला असतो. पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण वाढले की अल्डिहाइडे, अल्केने यांसारखी संयुगे तयार होतात. ती रक्तातून फुप्फुसांच्या वायुकोशांत उतरतात आणि उच्छ्वासावाटे बाहेर पडतात. त्यामुळे जठर, स्तन, तोंड व घसा यांच्या कर्करोगांसाठीही हा मार्ग तपासला गेला आहे. सर्वाधिक काम मात्र फुप्फुसाच्या कर्करोगावर झाले. मोजणीसाठी वस्तुमान वर्णपटमापक (रेणूंच्या वस्तुमानावरून द्रव्य ओळखणारे यंत्र) किंवा ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ म्हणून ओळखली जाणारी संवेदकांची मालिका वापरतात.

अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठात रुग्णाचा श्वास पिशवीत घेऊन सिलिकॉनच्या सूक्ष्मचिपेवरून सोडण्याची रीत विकसित झाली. चिपेवरील रसायन कार्बोनिल संयुगे (अल्डिहाइडे व कीटोने) पकडून ठेवते. कर्करोगाच्या खुणा मानलेल्या अशा चार संयुगांपैकी तिघांचे प्रमाण फुप्फुसातील गाठ काढल्यावर निरोगी व्यक्तींच्या पातळीला आल्याचे तेथील संशोधकांना आढळले. खाली आलेली पातळी पुन्हा चढू लागली, तर आजार उलटल्याची शंका घ्यावी, हा या पद्धतीचा गाभा. पहिल्या निदानापेक्षा पाठपुराव्यात तिला अधिक वाव आहे. निरोगी माणसांच्या पातळीतही आपापसांत फार तफावत असते. पाठपुराव्यात मात्र रुग्णाची तुलना त्याच्याच शस्त्रक्रियेनंतरच्या श्वासाशी होते. तरीही चाचणी केवळ शंका दर्शवते. खात्री सीटी स्कॅन आणि गाठीच्या तुकड्याच्या तपासणीनेच होते.

ही पद्धत सोलापूरसारख्या ठिकाणी वापरायची झाल्यास दोन गोष्टी विशेष विचारात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे स्थानिक हवा, खाणे आणि धंदा. शहरात हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. तंबाखूची भुकटी त्या राहत्या खोलीतच श्वासावाटे घेतात. यंत्रमागाच्या कारखान्यांत सुताचा धुरळा असतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या उच्छ्वासात बेंझीन व डायमिथिलफ्युरान सापडतात. जेवणातल्या शेंगाचटणीतील लसणामुळे गंधकयुक्त संयुगे कित्येक तास श्वासात रेंगाळतात, तर मधुमेहात ॲसिटोन वाढू शकते. परदेशात ठरवलेल्या मर्यादा इथे जशाच्या तशा लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. चुकीची शंका निघाली तर विडी कामगार कुटुंबाच्या पदरी स्कॅनचा खर्च, बुडालेली मजुरी आणि धास्ती येते. नमुना उपाशीपोटी, ठरलेल्या वेळी घेणे आणि त्याच वेळी खोलीतील हवेचाही नमुना मोजणे या किमान अटी होत.

दुसरी गोष्ट पाठपुराव्याची. फुप्फुसाच्या कर्करोगात पहिली दोन वर्षे साधारणतः दर सहा महिन्यांनी सीटी स्कॅन करतात. मुंबईला टाटा रुग्णालयात उपचार घेतलेल्यांना दर तारखेला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सोबतीला घरचा एक माणूस आणि परळजवळ मुक्कामाची सोय एवढे जमवावे लागते. मग ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तारीख टळते. नमुना गावात घेऊन प्रयोगशाळेत पाठवता आला, तर दोन स्कॅनमधल्या काळातही लक्ष ठेवता येईल, आणि या चाचणीचे खरे मोल तिथेच आहे.

गावोगावी असे काम करण्याचा अनुभव सोलापूर जिल्ह्यात आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावांत जाऊन कार्यकर्ते रुग्णांची माहिती घेत आले आहेत. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी-पाहणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगास कारण ठरणारा विषाणू) चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. श्वासचाचणीची उपयुक्तताही अशाच कसोटीवर, म्हणजे आयुष्य वाढले की नाही यावर, ठरवावी लागेल. तसा पुरावा अजून उभा राहायचा आहे.