धातू गेला, पावडर राहिली

बेळगावात एखाद्याचे वडील ‘इंडालला’, म्हणजे इंडियन अॅल्युमिनियम कंपनीत, होते असं सांगितलं की पुढं काही विचारावं लागत नाही. 2000 साली इंडाल हिंडाल्कोच्या ताब्यात गेली, फलक बदलले, तरी यमनापूरचा कारखाना लोकांच्या तोंडी इंडालच आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, इथं अॅल्युमिनियम तयार होतं. होत होतं, आता होत नाही. आता इथून बाहेर पडते ती पांढरी पावडर, म्हणजे अॅल्युमिना (अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग) आणि त्याचं हायड्रेट, म्हणजे पाणी बांधलेलं रूप. बॅटरी, चिप, आग न धरणारी वायर अशा बातम्यांत ‘नवे पदार्थ’ म्हणून जे काही वाचायला मिळतं, त्यात याच जातीची पावडर पुन्हा पुन्हा भेटते. ती नवी मात्र अजिबात नाही.

सुरुवात करावी लागते जांभ्यापासून. खानापूर-चंदगड पट्ट्यात जांभ्याच्या चिऱ्यांची घरं कुणाला नवीन नाहीत. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनंही तासता येतो. वारा-ऊन लागलं की घट्ट होतो. लाखो वर्षं पडणाऱ्या पावसानं मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोखंड व अॅल्युमिनियम मागं राहिलं. लोखंड वरचढ ठरलं तिथं जांभा, अॅल्युमिनियम साठलं तिथं बॉक्साइट. दोघं एकाच सड्यावरची, म्हणजे सपाट माथ्यावरची, भावंडं. जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकाननने 1807 साली दिलं, तेही केरळमधले चिरे बघून. बॉक्साइटचं नाव फ्रान्समधल्या ले बो गावावरून आलं; तिथली लाल माती बर्थिएने 1821 साली तपासली होती.

आता आपल्या भागाची एक गंमत. 1956 साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि पुढं कोल्हापूरला जोडला गेला. चंदगडचे बॉक्साइटचे सडे कोल्हापूर जिल्ह्यात आणि ते बॉक्साइट शिजवणारा कारखाना बेळगावात, असं त्यामुळं झालं. सीमाप्रश्नावर बोलणाऱ्यांनी बॉक्साइटच्या ट्रकांचा विचार केलेला माझ्या ऐकिवात नाही, पण ही माती आधी एका जिल्ह्याच्या आत फिरली असती, ती आता राज्याची हद्द ओलांडते.

शिजवणारा हा शब्द मी मुद्दाम वापरला. बॉक्साइट दळून गरम कॉस्टिक सोड्यात दाबाखाली उकळतात. अॅल्युमिना विरघळतो, लोखंड विरघळत नाही. ते लाल गाळ होऊन खाली बसतं. वरचं नितळ पाणी थंड करून त्यात आधीच्या खेपेचे थोडे बारीक स्फटिक टाकतात. दुधाला विरजण लावावं तसंच हे. त्या कणांवर नवे थर चढत जातात आणि पांढरं हायड्रेट खाली बसतं. ही युक्ती कार्ल बायर या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाला 1887 च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये सापडली. तो धातूच्या मागं नव्हताच. त्याला सुती कापड रंगवताना रंग पक्का बसवण्यासाठी अॅल्युमिना हवा होता. आदल्याच वर्षी, 1886 मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांची खबर नसताना, विजेच्या जोरावर अॅल्युमिन्यातून धातू काढला होता. दोन्ही शोध जुळले आणि पावडर बिचारी धातूचा कच्चा माल होऊन बसली. त्याआधी हा धातू इतका दुर्मीळ होता, की तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारी तो दागिन्यासारखा मिरवत असे.

बेळगावचा कारखाना साधारण 1970 च्या आगेमागे सुरू झाला, तो धातूच्याच हिशोबानं. हिशोब साधा आहे: चार टन बॉक्साइटमधून दोन टन अॅल्युमिना, दोन टनांतून एक टन धातू. त्या शेवटच्या पायरीला टनामागं तेरा ते पंधरा हजार युनिट वीज लागते. वीज स्वस्त तोवर सगळं ठीक. ती महागली आणि धातूचं काम परवडेना. भट्ट्या थंड झाल्या. त्या वेळी ‘आता काय राहिलं’ असं वाटणं साहजिक होतं. राहिली ती मधली पायरी. बायरला जी हवी होती, तीच.

या मधल्या पायरीला पुढं भाव आला. हायड्रेट हातात घेतलं तर बारीक मिठासारखं, अगदी कोरडं लागतं. पण त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा पाणीच असतं, स्फटिकात बांधलेलं. ते वायरच्या वेष्टनात मिसळलं आणि आग लागली, तर दोनशे अंशांच्या आसपास पाणी सुटतं, वाफ होताना उष्णता ओढून घेतं, आणि मागं उरलेला अॅल्युमिना ज्वाळेच्या आड येतो. दगडात साठवलेला अग्निशामक बंबच म्हणा. पाणीपुरवठ्याच्या टाकीत टाकायची तुरटीही हायड्रेटपासून बनते. आणि अॅल्युमिनियम हे नाव मुळात तुरटीच्याच लॅटिन नावावरून पडलंय.

हायड्रेट भाजून पाणी पूर्ण घालवलं की टणक अॅल्युमिना मिळतो. स्पार्क प्लगचा पांढरा भाग त्याचाच. अलीकडची मागणी लिथियम बॅटरीची. सोनीने 1991 साली ही बॅटरी बाजारात आणली तेव्हापासून तिचा नाजूक अवयव एकच: दोन ध्रुवांमधला प्लॅस्टिकचा पातळ पडदा, सुरुवातीला वीस-पंचवीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बॅटरी फार तापली की पडदा आक्रसतो, ध्रुव एकमेकांना भिडतात आणि आग लागते. त्यावर अतिशुद्ध अॅल्युमिन्याचा दोन-चार मायक्रॉन लेप दिला तर पडदा आकसायला सहजी धजत नाही. इथं सोड्याचा मागमूसही चालत नाही, म्हणून संशोधनाचा भर आता नवा पदार्थ शोधण्यापेक्षा जुन्यातला सोडियम घालवण्यावर आणि कणांचा आकार सारखा ठेवण्यावर जास्त आहे. ‘नॅनो’ची टिमकी वाजते त्यातलं बरंचसं काम हेच, धुण्याचं आणि चाळण्याचं.

धातूनं मात्र बेळगाव अगदीच सोडलं नाही. जिल्ह्यातल्याच हत्तरगीच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, विमानांचे भाग कापले जातात. असल्या कामात अॅल्युमिनियमच्या ठोकळ्याचा बराचसा भाग बुरा होऊन उडतो. विमानाचं अॅल्युमिनियम कडक का होतं, याची गोष्ट जांभ्याची आठवण करून देणारी आहे. 1906 साली जर्मनीत आल्फ्रेड विल्मने तांबं-मॅग्नेशियम मिसळलेला तुकडा तापवून पाण्यात बुडवला, कडकपणा मोजला, आणि बाकीची मोजणी पुढं ढकलून तो निघून गेला. एक-दोन दिवसांनी बघतो तर तुकडा आपोआप कडक झालेला. धातूच्या आत तांब्याचे अतिसूक्ष्म पुंजके जमतात, हे गिनिए आणि प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी दाखवायला 1938 उजाडलं. विल्मच्या तुकड्याला दोन दिवस पुरले, चिऱ्याला वारा-ऊन लागतं.

उरला लाल गाळ. टनभर अॅल्युमिन्यामागं टन-दीड टन गाळ, आणि त्यात कॉस्टिकचा अंश. 2010 मध्ये हंगेरीत आयका इथं अशा गाळाचा बांध फुटला, दहा माणसं गेली. तेव्हापासून तो साठवून ठेवणं कुणालाच सोयीचं वाटत नाही. बायरच्या त्याच द्रावणात गॅलियमही किंचित उतरतं. हातात धरलं तर वितळणारा हा धातू छोट्या, जलद मोबाइल चार्जरच्या चिपमध्ये लागतो. 2023 साली चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा जगाला अॅल्युमिन्याचे कारखाने पुन्हा आठवले. गाळातलं लोखंड आणि उरलासुरला अॅल्युमिना सिमेंटच्या भट्टीला चालतो, म्हणून हल्ली तो तिकडं जातो. खानापूरकडं जुन्या जांभ्याच्या भिंतींना आता सिमेंटचा गिलावा करतात. सड्यावरचं लोखंड त्या भिंतीत आधीच होतं, थोडं बाहेरूनही आलं.