आलेखाच्या शिखरातून उष्णता कशी मोजू लागले

चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. या विघटनाला दर मोलला (सुमारे १०० ग्रॅम चुनखडीला) सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते. चिमूटभर नमुना तापवून ती थेट मोजता यायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

त्याआधी वळसा घ्यावा लागे. अभिक्रियेची एकूण उष्णता मार्गावर अवलंबून नसते, हे रसायनशास्त्रज्ञ हेस यांनी १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये मांडले. त्यामुळे चुनखडी आणि चुना वेगवेगळे आम्लात विरघळवायचे आणि बाहेर पडलेल्या उष्णतांवरून विघटनाचा आकडा काढायचा, हे शक्य झाले.

१८८७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी पॅरिसमध्ये निरनिराळ्या माती तापवल्या. थर्मोकपलला (तापमानानुसार वीजदाब देणाऱ्या दोन धातूंच्या तारांच्या जोडीला) जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे सूक्ष्म वीजप्रवाह दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रकाशठिपका ठराविक वेळाने फोटोच्या काचेवर उमटे. माती उष्णता शोषू लागली की तापमान रेंगाळे आणि काचेवरच्या रेघा दाटीने येत. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो. १८९९ मध्ये रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी शेजारी बदल न होणारा नमुना ठेवून दोन्ही तापमानांतला फरकच नोंदवला; नमुना उष्णता शोषू किंवा सोडू लागला की या फरकाच्या आलेखावर शिखर उमटते.

पण तो फरक तापमानाचा होता, उष्णतेचा नव्हे. थर्मोकपल नमुन्यातच खुपसलेले असल्याने पूड किती घट्ट दाबली आहे यावरही शिखराचे क्षेत्रफळ बदले. बोअर्स्मा यांनी १९५५ मध्ये थर्मोकपल नमुन्याबाहेर काढण्याचा मार्ग दाखवला. १९६४ मध्ये पर्किन-एल्मर या उपकरण कंपनीच्या वॉटसन, ओ'नील आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भांड्यांना स्वतंत्र हीटर दिले, तापमान सारखे राखले आणि त्यासाठी लागणाऱ्या विजेतला फरक नोंदवला. डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री (डीएससी) ती हीच. आता शिखराखालचे क्षेत्रफळ म्हणजे थेट ऊर्जा. १५६.६ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या इंडियम धातूने यंत्र पडताळायची पद्धत आजही आहे.

दरम्यान किसिंजर यांनी १९५७ मध्ये, तापवण्याचा वेग बदलला की शिखर किती सरकते यावरून सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, काढली. ती म्हणजे एन्थॅल्पी (अभिक्रियेत शोषली किंवा सोडली जाणारी एकूण उष्णता) नव्हे; दोन्ही किलोज्यूलमध्येच लिहितात म्हणून गल्लत होते.

भोवतालचा वायूही आकडा फिरवतो. कॅल्शियम ऑक्झलेटमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो तो टप्पा नायट्रोजनमध्ये उष्णता शोषतो. हवेत मात्र तोच वायू जळतो आणि शिखर उलटे दिसते. वायूची नोंद नसलेली एन्थॅल्पी म्हणूनच मी वापरत नाही.