महीमुखातील हिवाळी मासेमारी

मही नदीच्या मुखाशी, खंबायतच्या आखाताच्या माथ्यावर, साधारणतः कार्तिकापासून माघाअखेरपर्यंत चालणारी खाडीतील व गाळपट्ट्यावरील मासेमारी. मुखाच्या उत्तरेस खंबायत (आणंद जिल्हा), दक्षिणेस कावी-कंबोई व सरोद (जंबुसर तालुका, भरूच जिल्हा) आणि वरच्या अंगास डाव्या तीरावर बडोदे जिल्ह्यातील पादरा तालुका येतो. बडोदेकरांना मही माहीत आहे ती फाजलपूर, रायका, दोडका येथील फ्रेंच विहिरींतून (नदीपात्रात खोदलेल्या, पाणी गोळा करणाऱ्या खोल विहिरींतून) शहराला मिळणाऱ्या गोड्या पाण्यामुळे. खाली तीच नदी खारी, गढूळ आणि दिवसातून दोनदा उलटी वाहणारी होते. मराठीत अशा जागेला खाडी म्हणतात, परंतु गुजरातीत खाडी हा शब्द लहान ओढ्यालाही लावला जात असल्याने या नोंदीत शक्यतो नदीमुख हा शब्द वापरला आहे.

या मुखाचा सर्वांत जुना उल्लेख ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासग्रंथात आढळतो. त्यात बारिगाझाच्या (भरूच) आखाताच्या टोकाशी ‘मैस’ नावाची मोठी नदी सांगितली असून ती मही होय, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने दिलेली ‘मोफिस’ नदीही बहुधा हीच असावी, मात्र तेथे नामसाम्य कमी आहे. पेरिप्लसच्या काळाबद्दल बराच वाद झाला. काही अभ्यासकांनी तो इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत खाली आणला होता; तथापि त्यातील ‘मंबानोस’ हा राजा म्हणजे क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपान असे धरल्यास पहिल्या शतकाचा मध्य हाच काळ अधिक ग्राह्य ठरतो. मासेमारीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. आखाताचे तोंड परक्या जहाजांना धोक्याचे असल्याने राजाच्या चाकरीतील स्थानिक मच्छीमार ‘ट्रप्पग’ व ‘कोटिंब’ नावाच्या मोठ्या नौका घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि जहाजांना वाट दाखवीत भरूचला आणीत, असे तो सांगतो. ‘अंगविज्जा’ या प्राकृत ग्रंथातील नौकांच्या यादीत ‘कोट्टिंब’ व ‘तप्पक’ ही नावे येतात. हा ग्रंथ सामान्यतः कुषाण-गुप्त संधिकालातला मानतात. इतिहासकार मोतीचंद्र यांनी या दोन्ही जोड्या एकच असल्याचे दाखवले असून ते मत स्वीकारण्यासारखे आहे. मात्र नावांवरून नौकांचा आकार किंवा बांधणी ठरवता येत नाही, आणि हे वाटाडे मच्छीमार नर्मदामुखाचे होते, महीमुखाचे नव्हेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. स्कंदपुराणाच्या कौमारिकाखंडात महीसागरसंगमाचे माहात्म्य विस्ताराने आले आहे. त्याचा रोख तीर्थावर आहे, मासेमारीवर नाही.

येथील हिवाळ्याचे स्वरूप थंडीपेक्षा भरतीवर आणि नदीच्या उतरत्या पाण्यावर ठरते. खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते व उथळ असल्याने आत शिरणारे पाणी चढत जाते. भावनगरजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक १० मीटरांहून अधिक भरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुखात पाण्याची भिंत आत येत असल्याचे वर्णन एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरांतही आहे. अमावास्येच्या रात्री ही भरती येताना दूरच्या सैन्याच्या आरोळ्यांसारखा आवाज होतो, असे पेरिप्लसकार नर्मदेबद्दल लिहितो. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याची रीत आहे (अष्टमीस सहा वाजता), ती येथे लागू पडत नाही, कारण मुंबईची भरती आखाताच्या माथ्याशी पोचायला आणखी काही तास जातात. कोकणातून बडोद्यास आलेल्या कुटुंबांतील जाणत्यांनी हा हिशेब कंबोईला लावू नये. तेथील स्तंभेश्वर महादेवाची पिंडी भरतीत पाण्याखाली जाते आणि दर्शनाची वेळ स्थानिक कोष्टकावरूनच ठरते.

सुमारे ५८३ किमी. लांबीच्या महीवर बांसवाड्याजवळ माही बजाज सागर, त्याखाली कडाणा ही धरणे व त्यापुढे वणाकबोरीचा बंधारा आहे. पावसाळा सरल्यावर साठलेले पाणी रब्बीसाठी कालव्यांत वळते आणि मुखाकडे जाणारा गोडा प्रवाह क्षीण होतो. त्यामुळे मिठाची हद्द वर सरकते व हिवाळाभर हळूहळू वाढत जाते. नदीचा लोंढा ओसरला तरी पाणी निवळत नाही, कारण गाळ ढवळणारी मुख्य शक्ती भरतीची आहे. वारा उत्तर-ईशान्येचा व बेताचा असतो, समुद्र शांत राहतो. पहाटेचे धुके हीच या काळातील खरी अडचण होय. उथळ पाणी हवेबरोबर लवकर गार होते, मुख्य पात्र तितके होत नाही.

जाळ्याची निवड चंद्राच्या तिथीवर अवलंबून असते. डोळीसारखी पिशवीजाळी प्रवाहाच्या जोरावर भरतात, म्हणून ती उधाणात फळतात. तरती जाळी त्या ओढीत आवरत नाहीत, त्यांना भांगाचे (अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीचे) दिवस सोयीचे असतात. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात खुंट ठोकून लांब जाळे उभे करतात आणि पाणी उतरले की मासे काढण्यास चालत जातात. गुजरात किनाऱ्यावर अशा पायी मासेमारी करणाऱ्यांना ‘पगडिया’ म्हणतात. चिखलात पाय पोटरीपर्यंत रुतत असल्याने पाऊल सरळ उपसत नाहीत, आधी टाच सैल करून मग ओढतात. जाळ्याचे दोर गाळाने जड झालेले असतात, ते जवळच्या ओघळीत हिसडून धुतल्याखेरीज अडकलेले मासे सुटत नाहीत. भरती वळण्याआधी परतणे हा या कामातील एकमेव कडक नियम आहे, कारण सपाट पट्ट्यावर पाणी समोरून येण्याआधी ओघळींतून मागे भरते.

या भागातील प्रसिद्ध पाला मासा (हिल्सा) पावसाळ्यात नद्यांत चढतो व त्याची मोठी पकड नर्मदेवर भाडभूतला होत आली आहे. म्हणून तो या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतो. हिवाळ्यात बोय, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी व बाहेरच्या अंगास बोंबील मिळतात. गाळात बीळ करून राहणारी निवटी थंड सकाळी आत दबून राहते आणि ऊन चढल्यावर वर येते, तेव्हाच तिच्यामागे जातात. कोरड्या हवेमुळे बोंबील-जवळा वाळवण्यास हाच काळ उत्तम. बडोद्यातील मराठी घरांत बोंबलाला बाजारापुरते ‘बुमला’ व निवटीला ‘लेवटा’ म्हणतात, स्वयंपाकघरात मराठी नाव कायम आहे.

जुन्या नोंदी विखुरलेल्या आहेत, कारण स्वातंत्र्यापूर्वी हे एकच मुख तीन अमलांत विभागले होते : खंबायत नबाबाकडे, जंबुसर ब्रिटिश भरूच जिल्ह्यात आणि पादरा गायकवाडांकडे. बडोदे संस्थानाने जेम्स हॉर्नेल यांच्याकडून सागरी जीवांची पाहणी करवून घेतली (अहवाल १९०९ व १९१६), ती ओखामंडळाची होती. अलीकडे केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या बडोदे केंद्राचे लक्षही मुख्यतः नर्मदेकडे राहिले. बडोद्याच्या औद्योगिक पट्ट्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किमी. लांबीच्या वाहिनीने सरोदजवळ महीमुखात सोडले जाते. पावसाळ्यात ते नदीच्या पाण्यात विरळ होते, हिवाळ्यात ते काम जवळजवळ सर्वस्वी भरती-ओहोटीवर पडते, आणि भांगाच्या दिवसांत पाण्याची ये-जा सर्वांत कमी असते.