कम्युनिटी बोर्ड आणि लोकल बोर्ड : न्यूझीलंडमधील दोन मंडळांतला फरक

ऑकलंडहून क्राइस्टचर्चला बिऱ्हाड हलवले, तरी ‘आपल्या बोर्डाकडे जाऊ’ हे वाक्य तोंडात तसेच राहते. बोर्ड मात्र बदललेले असते. ऑकलंडमध्ये लोकल बोर्ड असते आणि न्यूझीलंडच्या उर्वरित भागात, जिथे असेल तिथे, कम्युनिटी बोर्ड. दोन्हींचे सदस्य दर तीन वर्षांनी ऑक्टोबरमध्ये निवडले जातात, दोन्ही मंडळे वस्तीचे म्हणणे परिषदेपुढे (कौन्सिल, म्हणजे निवडून आलेली स्थानिक शासनसंस्था) मांडतात आणि दोन्हींना स्वतः उपविधी करण्याचा किंवा मालमत्ता कर ठरवण्याचा अधिकार नाही. त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. ऑकलंडसाठी कायदा करणाऱ्यांनाही ती होईल असे वाटले असावे, कारण लोकल बोर्ड म्हणजे कम्युनिटी बोर्ड नव्हे, असे त्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे.

कम्युनिटी बोर्ड ही यांतली जुनी संस्था. 1989 मध्ये देशातील शेकडो लहानमोठ्या स्थानिक संस्था मोडून मोजक्या मोठ्या परिषदा करण्यात आल्या, तेव्हा लहान वस्त्यांचा आवाज त्या मोठ्या सभागृहांत हरवू नये म्हणून ही मंडळे आली. 2002 च्या स्थानिक शासन कायद्यात त्यांची कामे नोंदवलेली आहेत : वस्तीची बाजू मांडणे, परिषदेने सोपवलेल्या किंवा वस्तीला जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या विषयांवर अहवाल देणे, परिसरातील सेवांवर लक्ष ठेवणे, तिथल्या संस्थांशी संपर्क राखणे आणि आपल्या भागात काय खर्च व्हावा याचे निवेदन दरवर्षी परिषदेला सादर करणे. यातल्या बहुतेक क्रियापदांचा रोख सांगण्याकडे आहे, ठरवण्याकडे नाही. मंडळाला स्वतःच्या नावावर मालमत्ता घेता येत नाही आणि कर्मचारीही नेमता येत नाहीत. प्रत्यक्ष निर्णयाचा अधिकार परिषद जेवढा सोपवील तेवढाच असतो, आणि सोपवलेला अधिकार ती परतही घेऊ शकते.

मात्र सोपवलेला अधिकार नेहमी किरकोळ असतो असे नाही. क्राइस्टचर्चमध्ये परिषदेने स्थानिक रस्त्यांविषयीचे पुष्कळ निर्णय मंडळांकडे दिले आहेत. एखाद्या वळणावर उभ्या राहणाऱ्या मोटारींमुळे समोरून येणारे वाहन दिसत नसेल, तर परिषदेचे कर्मचारी तिथे पिवळ्या तुटक रेषा आखण्याचा प्रस्ताव नकाशासह विषयपत्रिकेवर आणतात. आजूबाजूच्या घरमालकांची मते अहवालात असतात, सभेत रहिवाशाला बोलण्यासाठी काही मिनिटे मिळू शकतात आणि मग मंडळ ठराव करते. त्या कोपऱ्यापुरता तो ठरावच अंतिम निर्णय असतो. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. ज्याच्या फाटकासमोर ती रेषा येणार आहे, त्याला मुळीच वाटत नाही.

लोकल बोर्डाची घडणच वेगळी आहे. 2010 मध्ये ऑकलंड परिसरातील 8 परिषदा एकत्र करून एकच ऑकलंड परिषद स्थापन झाली. महापौर आणि 20 नगरसेवकांच्या शासक मंडळाने एवढ्या मोठ्या शहराच्या प्रत्येक बागेचा आणि वाचनालयाचा निर्णय घ्यावा हे शक्य नव्हते, म्हणून परिषदेचे निर्णयाधिकारच दोन ठिकाणी विभागले गेले. शहरभराचे विषय शासक मंडळाकडे राहिले, तर उद्याने, वाचनालये, समाजमंदिरे, स्थानिक कार्यक्रम अशा विषयांचे निर्णय 21 लोकल बोर्डांकडे गेले. प्रत्येक बोर्ड तीन वर्षांची योजना तयार करते आणि त्या आधारे दरवर्षी शासक मंडळाशी करार करते. कोणत्या सेवा द्यायच्या आणि त्यासाठी किती पैसा, हे त्या करारात ठरते. शेतीच्या भाषेत सांगायचे तर कम्युनिटी बोर्ड मालकाच्या परवानगीने जमीन कसते, आणि लोकल बोर्डाचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागलेले आहे. जेमतेम हजारभर वस्तीच्या ग्रेट बॅरियर बेटालाही असे स्वतंत्र लोकल बोर्ड आहे.

तरीही कागदावरचे बळ आणि रस्त्यावरचे बळ यांत अंतर पडते. 2010 च्या मूळ रचनेत ऑकलंडचे रस्ते ऑकलंड ट्रान्सपोर्ट या वेगळ्या संस्थेकडे गेले. परिणामी, कायद्याने अधिक सबळ असलेल्या लोकल बोर्डाला कोपऱ्यावरच्या पिवळ्या रेषेसाठी त्या संस्थेकडे आग्रह धरावा लागे, आणि क्राइस्टचर्चमधील तुलनेने दुबळे म्हणवले जाणारे मंडळ तीच रेषा स्वतःच्या ठरावाने मंजूर करत होते. म्हणून ‘कोणते बोर्ड मोठे’ हा प्रश्न माझ्या मते गैरलागू आहे. आपल्या कामाचा निर्णय नेमका कोणाच्या हाती आहे, हे रहिवाशाने आधी पाहावे. निर्णय बोर्डाचा असेल तर बोर्डाच्या सभेत सांगण्यासारखे मुद्दे घेऊन जावे. तो परिषदेचा असेल तर बोर्ड आपला वकील आहे असे समजून त्याला कागदपत्रे पुरवावीत.

नगरसेवकांचे स्थानही दोन्हींकडे सारखे नाही. कम्युनिटी बोर्डावर परिषद आपल्यापैकी काही नगरसेवक नेमू शकते, मात्र त्यांची संख्या एकूण सदस्यांच्या निम्म्याहून कमीच ठेवावी लागते. लोकल बोर्डावर असे नेमलेले सदस्य नसतात. कोणी लोकल बोर्ड आणि शासक मंडळ अशा दोन्ही जागांवर निवडून आले, तर ती व्यक्ती शासक मंडळावर जाते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ऐकून महापालिकेची प्रभाग समिती आठवेल, पण तिथे त्या भागातून निवडून आलेले नगरसेवकच समितीवर बसतात. न्यूझीलंडमधील बोर्डासाठी मतदार वेगळे मत देतो.

हे मत देण्यासाठी नागरिकत्वच हवे असे नाही. निवासी व्हिसा असलेल्या आणि तिथे सलग वर्षभर राहिलेल्या प्रौढ व्यक्तीला मतदार म्हणून नाव नोंदवता येते. मात्र प्रत्येक पत्त्याला कम्युनिटी बोर्ड असतेच असे नाही. डनेडिनमध्ये ओटागो द्वीपकल्पाला आहे, शहराच्या मध्यभागाला नाही. तिथल्या रहिवाशाला थेट नगरसेवकालाच गाठावे लागते. कम्युनिटी बोर्ड असावे की नसावे, याचा फेरविचार प्रत्येक परिषदेला निदान सहा वर्षांतून एकदा करावाच लागतो, आणि त्या वेळी नवे बोर्ड मागण्याची किंवा असलेले टिकवण्याची हरकत-सूचना कोणताही रहिवासी लेखी देऊ शकतो.