गरोदरपणातली ‘शुगर’ आणि आधीपासूनची ‘शुगर’

विदर्भातल्या खेड्यांत गरोदर बाईला ‘शुगर निघाली’ असे म्हणतात, तेव्हा त्यामागे दोन वेगळे आजार असू शकतात. एक गरोदरपणातच उद्भवलेला मधुमेह, आणि दुसरा आधीपासून अंगात असलेला, पण तपासणीच न झाल्यामुळे आता कळलेला.

पहिल्याचे मूळ वारेत, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटात, आहे. वार वाढू लागली की तिच्यातून स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात आणि स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन पुरवता आले नाही तर साखर चढते. म्हणून हा मधुमेह बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो. तोवर बाळाचे अवयव घडून झालेले असतात. भीती असते ती बाळाचे वजन फार वाढून बाळंतपण अडण्याची आणि जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी उतरण्याची. दुसऱ्यात मात्र अवयव घडण्याच्या पहिल्या दोन महिन्यांतच साखर वाढलेली असते, त्यामुळे हृदयात किंवा मज्जारज्जूत जन्मजात व्यंग राहू शकते. तिसरा महिना सरेपर्यंत बातमी घराबाहेर न काढण्याची रीत इथे महागात पडते.

तपासणीसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतात. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. आकडा 140 किंवा अधिक आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. 200 गाठला, किंवा उपाशीपोटीची साखर 126 वर गेली, तर आधीपासूनच्या मधुमेहाचा संशय घ्यावा लागतो. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या ‘एचबीएवनसी’ या रक्ततपासणीवर मात्र पूर्व विदर्भात डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण सिकलसेल किंवा रक्तक्षय असलेल्या बाईत तो आकडा फसवा येऊ शकतो.

खरा उलगडा बाळंतपणानंतरच होतो. वार पडली की पहिल्या प्रकारातली साखर बहुधा उतरते, दुसऱ्यातली टिकून राहते. साखर उतरली तरी पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतर बायकांपेक्षा बराच जास्त असल्याने दरवर्षी तपासणी करावी लागते. त्याआधी, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी, ग्लुकोज पाजून करायची तीच तपासणी, या वेळी उपाशीपोटी, पुन्हा करायची असते, आणि नेमकी तीच हुकते. बाळंतीण माहेरी असते, तिची नोंद सासरच्या आशाताईंकडे असते आणि सव्वा महिना गुळा-तुपाच्या डिंकलाडवांत जातो. बाळाची दीड महिन्याची लस मात्र सहसा चुकत नाही. त्याच सकाळी आईने काही न खाता केंद्रावर जावे आणि गरोदरपणाचे कार्ड सोबत न्यावे.