कालवाची धार आणि प्लेटलेट्सची हाक

गेल्या मे महिन्यात मालवणला काकीबरोबर ओहोटीला कालवं काढायला गेले होते. खडकावर काकीचा पाय घसरला आणि कालवाच्या शिंपल्यानं टाच चिरली. पदर दाबून धरत ती म्हणाली, "थांबतला गो आता." पाच-सहा मिनिटांत रक्त थांबलंही.

ते थांबवलं प्लेटलेट्सनी. एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात; डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी विचारला जातो तो हाच आकडा. अस्थिमज्जेतल्या अवाढव्य पेशींचे हे तुकडे, जेमतेम 2-3 मायक्रोमीटरचे, आठ-दहा दिवस जगणारे. त्यांना केंद्रकही नसतं. तरी त्या एकमेकींशी बोलतात, आणि मला त्याचंच अप्रूप वाटतं.

रक्तवाहिनी चिरली की भिंतीतलं कोलॅजेन नावाचं प्रथिन उघडं पडतं. वाहती, चपटी प्लेटलेट तिथे अडकते, फुगते, काट्यांसारखे हातपाय पसरते आणि पोटातल्या पुड्या रिकाम्या करते. त्यातलं एडीपी हे रसायन आणि तिनं ताजं बनवलेलं थ्रॉम्बॉक्सेन म्हणजे शेजारणींना घातलेली हाक. हाक पोचली की त्याही चिकट होतात, रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे दुवे धरून एकमेकींना बिलगतात आणि पुढे हाक घालतात.

मग ही हाक थांबते कुठे? जिवंत उंदरांच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या संशोधकांना दिसलं, की गुठळी सगळीकडे सारखी नसते. जखमेलगतचा गाभा घट्ट, पुरता जागा झालेला. बाहेरचा थर सैल, अर्धवट जागा. शिवाय शाबूत भिंत प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडून प्लेटलेट्सना शांत ठेवते. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटला, की हीच हाक नको तिथे उठते आणि झटका येतो.

काका रोज घेतात ती अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी थ्रॉम्बॉक्सेन बनवायला लागणारं विकर (एन्झाइम) बिघडवून ही हाक बंद करते. केंद्रक नसल्यानं प्लेटलेटला बिघडलेलं विकर नव्यानं बनवता येत नाही, म्हणून ती मरेपर्यंत तशीच मुकी राहते. गोळी थांबवल्यावरही परिणाम आठवडाभर रेंगाळतो तो यामुळेच. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना या गोळीबद्दल आठवणीनं सांगायचं असतं. मनानं ती बंद मात्र करायची नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. दोन्हीकडे माणसांच्या रांगा, दोर ताठ, जाळं हळूहळू आत येत होतं. काकी पुळणीवर बसून बघत होती. तिच्या टाचेत त्या वेळी तेच चाललं होतं: प्लेटलेट्स फायब्रिनोजेनपासून बनलेल्या फायब्रिनच्या धाग्यांना धरून आत खेचत होत्या, गुठळी आवळत होती आणि जखमेच्या कडा जवळ येत होत्या.